ब्रेक फेल झाला म्हणे!

घाटातल्या अपघाताची बातमी आली की मी आधी तिसरी-चौथी ओळ बघतो. ते वाक्य तिथे हमखास असतं. "ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला." कधी निकामी, कधी फेल, कधी "ऐनवेळी दगा दिला." आयुष्यभर मुलांना मराठीचं व्याकरण शिकवलं, त्यामुळे खोड गेलेली नाही. वाक्य दिसलं की कर्ता शोधायचा. या वाक्यात कर्ता कोण? ब्रेक! निकामी झाला तो ब्रेक, दगा दिला तोही ब्रेकने. गाडीचा मालक, फिटर, चालक, गाडी पास करणारा माणूस, यांतला एकही वाक्यात नाही. सगळे सुटले आणि लोखंडाचा तुकडा तेवढा पकडला गेला.

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. आणि ते फुकाचं भांडण नाही, कारण मी स्वतः या वाक्यात सापडता सापडता वाचलोय. ते पुढे सांगतो.

आम्ही राहतो विचुंब्याला. एक्स्प्रेसवे सुरू होतो तो कळंबोलीला, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमचे निम्मे नातेवाईक पुण्याकडचे, निम्मे मुंबईकडचे. लग्न, बारसं, दहावं-तेरावं काहीही असो, कोणी ना कोणी तो घाट उतरत असतोच. २६ जुलै २०२५ ला खोपोलीजवळ उतारावर एक कंटेनर सुटला आणि त्याने वीसेक गाड्यांना धडक दिली. एका बाईंचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. त्या दिवशी आमच्या घरातला फोन सारखा वाजत होता. "तुमचे कोणी वाटेत नाही ना?" नव्हते. पण ज्यांचे होते त्यांना संध्याकाळी काय वाचायला मिळालं? ब्रेक फेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने अशाच गाड्यांच्या रांगा ठोकल्या. तिथेही पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी हेच, ब्रेक फेल. नंतर पोलिसांच्या तपासात निघालं की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. म्हणजे ब्रेक बिचारा आधीच एकटा पाडलेला! इंजिन बंद, गियर नाही, मागे टनावारी माल. वर्गातल्या एकाच मुलाला सगळ्यांची बाकं उचलायला लावायची आणि तो धापा टाकत खाली बसला की प्रगतिपुस्तकात "अशक्त" लिहायचं, तसला प्रकार.

तुम्ही म्हणाल, मास्तर, ट्रकचं सोडा, आमची आपली लहानशी गाडी. चला, लहान गाडीबद्दलच बोलू. लोणावळा ते खोपोली हा उतार उंचीने धरला तर साडेपाचशे मीटरच्या आसपास. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाई आहेत, त्यांच्याकडून मी गणित करून घेतलं (माझं बी.ए. मराठीचं, आकड्यांच्या वाटेला मी एकटा जात नाही). माणसं आणि सामान धरून १३०० किलोची गाडी एवढी खाली उतरली तर जी उष्णता तयार होते, तिच्यात साधारण २४ लिटर पाणी साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत जाईल. दोन बादल्या! थोडी वाऱ्यात जाते, गाडी खालच्या गियरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन अंगावर घेतं. पण न्यूट्रलमध्ये सोडलीत तर जवळजवळ सगळी त्या पुढच्या दोन चाकांतल्या चार पॅडवर आणि मागच्या ब्रेकवर. ४० टनांच्या ट्रकसाठी हाच हिशोब सातशे लिटरच्या वर जातो. दोन्ही आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून बघा.

आता पॅड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. (माहीत असलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण बघा, मलाही "माहीत" होतं!)

चाकाबरोबर लोखंडाची एक थाळी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं पकडणारं ते कॅलिपर. चिमट्याच्या दोन्ही ओठांवर एकेक पॅड असतो. लोखंडी पाठ आणि तिच्यावर घासण्यासाठी चिकटवलेला मसाला. नवीन असताना हा मसाला दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. झिजणं हेच त्याचं काम. पट्टीवरच्या तीन बारक्या रेघांएवढा उरला की बदलायचा. आता चाकाच्या आतला तीन मिलिमीटर कोणाला दिसणार? म्हणून बनवणाऱ्यांनी एक सोपी युक्ती केली. पॅडच्या लोखंडी पाठीला स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी वाकडी पत्ती लावली. मसाला दोन-तीन मिलिमीटरवर आला की पत्तीचं टोक डिस्कला टेकतं आणि किंचाळायला लागतं. फळ्यावर नवा खडू उभा धरून ओढला की अंगावर काटा आणणारा आवाज येतो ना, त्याचाच भाऊ. तो मुद्दाम तसा केलाय. कानाला गोड वाटला तर कोण गॅरेजमध्ये जाईल? महागड्या गाड्यांत पत्तीऐवजी पॅडमध्ये एक वायर पुरलेली असते. पॅड झिजला की वायर घासली जाते आणि समोर पिवळा किंवा लाल दिवा लागतो. गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेघा, असं त्याचं चित्र असतं.

म्हणजे ब्रेक अचानक नापास होत नाही हो. सहामाहीत लाल शेरा मिळालेला असतो, पालकांना चिठ्ठी गेलेली असते. चिठ्ठी दप्तरातच राहते, एवढंच.

आता माझी चिठ्ठी. सप्टेंबर २०२४. पावसाळा संपत आलेला. नवीन पनवेल स्टेशनकडून घरी येताना पुढच्या डाव्या चाकातून कुईंऽऽ असा आवाज यायला लागला. दोन दिवस दुर्लक्ष केलं. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि सकाळी पहिले दोन-चार ब्रेक लावेपर्यंत गाडी कुरकुरते, हे मला ठाऊक होतं. पण हा आवाज दुपारीही होता, आणि गंमत म्हणजे ब्रेक दाबला की थांबायचा. मला वाटलं, ब्रेक दाबल्यावर थांबतो, म्हणजे ब्रेकचा नसणार. किती शहाणपणाचा तर्क! पत्ती काही गाड्यांत नेमकी अशीच वागते. गाडी नुसती चालत असताना वाजते आणि ब्रेक दाबला की गप्प होते.

एका गॅरेजमध्ये गेलो. नाव सांगत नाही, तसे शंभर आहेत. पोरगा वाकला, चाक काढलं, डोकावला, म्हणाला, "काका, पत्ती घासतेय." मी विचारलं, "मग?" त्याने पकड घेतली, पत्ती मागे वाकवली आणि उभा राहिला. "आता नाही वाजणार."

आणि खरंच नाही वाजली. दोनशे रुपये दिले. वर त्याला "शाबास" म्हणालो! हे मी लिहितोय तेव्हा अजूनही कानाच्या पाळ्या गरम होतात. ज्याने आयुष्यभर पोरांना "प्रश्न का पडला ते विचारा" म्हणून छळलं, त्याने एकदाही विचारलं नाही की बाबा, पत्ती का घासतेय? माझी तक्रार आवाजाची होती, त्याने आवाज घालवला. त्या पोरावर रागावण्याचा मला अर्धाच हक्क आहे.

दुसरी चिठ्ठी नोव्हेंबरात आली. समोर लाल दिवा, गोलात उद्गारवाचक चिन्ह. हँडब्रेक तर खाली होता. वेगळ्या माणसाला दाखवलं. त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली, "कमी झालंय" म्हणाला, वरून ओतलं, दिवा गेला. पुन्हा मी खूश. आता नीट ऐका, कारण ही गोष्ट दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. बंद नळीतलं ते, जाईल कुठे? पॅड झिजला की कॅलिपरमधला दट्ट्या तेवढा बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल पुढे जातं आणि बाटलीतली पातळी उतरते. नाहीतर कुठेतरी गळती असते. दोन्हींपैकी काहीही असो, नुसतं वरून ओतणं हा इलाज नाही, ती दिव्यावर टाकलेली चादर आहे. पुढे कोणी नवीन पॅड बसवताना दट्ट्या आत ढकलला की तेच जास्तीचं ऑइल बाहेर येतं आणि गाडीचा रंग खातं, ते वेगळंच.

डिसेंबरात तळेगावला लग्न होतं. परतताना सौ. शेजारी, मागे नात झोपलेली. खंडाळा सोडलं आणि उताराला लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला तेव्हा आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हताच. घर्रर्र. जात्यात खडा सापडावा तसा. पायाखाली थरथर, गाडी एका बाजूला ओढतेय आणि जळका वास. मागे एक ट्रेलर, पुढे बस. नात उठून बसली आणि म्हणाली, "आजोबा, काय वाजतंय?" चौथीतल्या पोरीला जो प्रश्न पडला तो मला तीन महिने पडला नव्हता.

लोक म्हणतात तसं आयुष्य वगैरे डोळ्यांसमोरून गेलं नाही. फक्त एक जुनं वाक्य आठवलं, एका एस.टी. ड्रायव्हरने मला कधीकाळी सांगितलेलं. ज्या गियरमध्ये घाट चढतोस त्याच गियरमध्ये उतर. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली, इंजिन ओरडलं, ओरडू दिलं. डावी लेन धरली, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि मागचे हॉर्न ऐकत ऐकत खोपोलीला बाहेर पडलो. पंचवीस मिनिटं तरी सौ. एक शब्द बोलली नाही, आमच्या संसारात हा विक्रम आहे.

खोपोलीच्या मिस्त्रीने चाक काढलं आणि दोन्ही पॅड माझ्या हातात ठेवले. (गरम होते, फडक्यात धरून.) बाहेरच्या पॅडवर चार मिलिमीटर मसाला शाबूत. आतल्यावर शून्य, नुसतं लोखंड, डिस्कवर घासून चकचकीत झालेलं. डिस्कवर बोट अडकेल अशा चऱ्या. आणि कोपऱ्यात ती पत्ती, मागे वाकवलेली, जागच्या जागी. तो म्हणाला, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं त्या पिना गंजून अडकल्यात, म्हणून आतला पॅड सतत घासत राहिला आणि बाहेरचा आरामात. म्हणजे पहिल्या दिवशी पिना साफ करून त्यांना ग्रीस लावलं असतं आणि पॅड बदलले असते तर डिस्क वाचली असती. त्याने दोन्ही बाजूंचे पॅड बदलले (एका बाजूचे बदलायचेच नसतात, जोडीने बदलतात), दोन डिस्क नव्या टाकल्या आणि निघताना आधी उभ्या गाडीत पाच-सहा वेळा पेडल दाबायला लावलं. नवीन पॅडनंतर पहिलं पेडल रिकामं जातं, ते रस्त्यावर कळू नये म्हणून. पैसे किती गेले ते सौ.ने या ब्लॉगवर लिहू नको सांगितलंय.

त्या दिवशी वळणावर मला बसने अडवलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय छापून आलं असतं? "कारचा ब्रेक निकामी झाल्याने." शेजारी-पाजारी म्हणाले असते, मास्तर बिचारे, गाडीने दगा दिला. एकालाही कळलं नसतं की गाडी तीन महिने ओरडून सांगत होती आणि मास्तरांनी दोनशे रुपये देऊन तिचं तोंड बांधलं होतं.

आता नातेवाईकांच्या आक्षेपांकडे. जावईबापूंचं म्हणणं, बाबा, माझ्या गाडीत सेन्सर आहे, दिवा लागतो, मला हे लागू नाही. जावईबापू, तो सेन्सर एकदा वायर घासली की संपला, नव्या पॅडबरोबर नवा घालावा लागतो. आणि बाजारात काय चालतं माहीत आहे? वायरची दोन टोकं पिळून जोडतात. दिवा गेला, सेन्सरचे पैसे वाचले. पुढचे पॅड झिजून लोखंडावर आले तरी समोर अंधार. पकडीने वाकवलेल्या पत्तीत आणि यात फरक एवढाच की गाडी महाग आहे. शिवाय सगळ्या चाकांत सेन्सर असेलच असं नाही. ज्या चाकात नाही ते चाक गप्पच राहणार.

पुतण्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. तो म्हणतो, "काका, आमचे ब्रेक झिजतच नाहीत, मोटरच गाडी थांबवते आणि बॅटरी भरते." बरोबर आहे, कमी झिजतात. पण वापरात नसलेल्या डिस्कवर आपल्या कोकणच्या हवेत गंज बसतो आणि पिना अडकतात, हे ऐकून ठेव. आणि लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून घाट उतरायला लागलास तर ती नवी वीज ठेवणार कुठे? मोटरचा तो ब्रेक तेव्हा मंदावतो आणि काम येतं पॅडवरच, सहा महिने झोपलेल्या पॅडवर.

"आमच्या गाडीला मागे ड्रम आहेत." असू देत. बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रमच असतात, तिथे ही किंचाळणारी पत्ती नसते, ड्रम काढूनच लायनर बघावं लागतं. स्वस्तातल्या पुढच्या पॅडनाही कित्येकदा पत्ती नसते. म्हणजे गाडी गप्प आहे याचा अर्थ ती ठणठणीत आहे असा लावू नका. वर्गातला गप्प मुलगा हुशारच असतो असं नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? आपल्या खासगी गाडीची धुराची तपासणी, ती पीयूसी, आपण सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने करतो. नसेल तर दंड. पण ब्रेक? नोंदणी झाल्यावर पंधरा वर्षांनी फेरनोंदणी होईपर्यंत सरकारचा एक माणूस तुमच्या ब्रेककडे ढुंकून बघत नाही. पंधरा वर्षं! बालवाडीतलं पोर कॉलेजात जातं तेवढ्यात. मालवाहू गाड्यांना फिटनेस आहे, पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, मग दरवर्षी. पण दोन वर्षांत घाट उतरणाऱ्या ट्रकचं लायनर किती वेळा संपत असेल? "लायनर गेलंय" असं सांगणाऱ्या ड्रायव्हरला "पुढच्या फेरीला बघू" म्हणणारा मालक कुठल्या तपासणीत सापडतो? अपघातानंतर गुन्हा ड्रायव्हरवर, बातमीत ब्रेक, आणि मालक दोन्हीकडून कोरडा.

आमच्या याच घाटातली रेल्वे बघा. १८६३ मध्ये सुरू झालेला मार्ग, ३७ फुटांना एक फूट चढ. तिथे पहिल्यापासून धरून चाललेत की गाडी सुटू शकते. म्हणून रुळाला चढणीवर जाणारे फाटे काढून ठेवलेत, सुटलेली गाडी त्यावर चढून थांबावी म्हणून. रेल्वेवाले "दगा दिला" म्हणत बसले नाहीत.

माझी मागणी साधी आहे. पीयूसीच्या टपरीवर धूर मोजतात तिथेच टॉर्च मारून पॅडची जाडी बघा आणि त्याच कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून द्या. बाहेरचा पॅड बहुतेक गाड्यांत चाकाच्या जाळीतून दिसतो, पाच मिनिटांचं काम. आतल्यासाठी चाक काढावं लागतं, ते सर्व्हिसिंगच्या वेळी समोर उभं राहून काढून घ्यायचं. जुने पॅड हातात मागायचे. आणि कोणी पत्तीला पकड लावली तर पकड काढून घ्यायची, मग तो कितीही गोड "काका" म्हणो.

पेपरवाल्यांना मी दोन पत्रं लिहिली आहेत. विनंती एवढीच की "ब्रेक निकामी झाल्याने" लिहिण्याआधी पॅड शेवटचे कधी बदलले ते एकदा मालकाला विचारा आणि उत्तर छापा. पत्रं छापून आली नाहीत. तिसरं लिहितोय.

असो. रविवारी जावईबापू येणार आहेत, पुण्याहून, घाट उतरून. जेवणाआधी त्यांच्या गाडीचं पुढचं डावं चाक काढायचं ठरलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही. जॅक, पाना आणि टॉर्च काढून ठेवलाय, शाळेतली जुनी पट्टीही सापडली. सौ. म्हणते आधी चहा तरी होऊ दे.